मन्मथअप्पांचे गप्प पक्षकार

वकिलाच्या ऑफिसात पाऊल टाकलं की माणसाचं तोंड आपोआप सुटतं. लातूरच्या मन्मथअप्पा बेंबळे वकिलांकडे मात्र ते आधी भरतं. तुम्ही त्यांच्यासमोर बसून "अहो, झालं असं की..." म्हणालात की अप्पा एक हात वर करतात आणि दुसऱ्या हातानं भाजलेल्या शेंगांची परात तुमच्यापुढं सरकवतात. "सोला अन् खा. बोलू नका." मग ते तुमच्यावर आलेली तक्रार वाचायला घेतात. मध्येच तुम्ही एक शब्द काढलात तर ते शांतपणे पहिल्या पानावर जातात आणि पुन्हा सुरुवात करतात. माझ्या वेळी ते तीनदा पहिल्या पानावर गेले. मी पाऊण परात संपवली.

मी नांदेडची मानसतज्ज्ञ. लोक मला 'मनाची डॉक्टर' म्हणतात; मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून आता मीच थकले आहे. दिवसभर मी समोरच्याला म्हणत असते, "बोला, मोकळेपणानं बोला." आणि इथं लातुरात एक सत्तरीचे गृहस्थ मला गप्प बसवून शेंगा खायला घालत होते. मला राग आला होता, हे कबूल करते. शेंगा चांगल्या होत्या, हेही.

"तुमी लोकं दिवसभर दुसऱ्याचं ऐकून घेता," वाचून झाल्यावर अप्पा म्हणाले. "मंग वकिलापुढं बसलं की सुटता. त्यातलं निम्मं आपल्याच इरोधात बोलता. म्हणून शेंगा. हां, आता बोला. पण इचारीन तेवढंच. पासंग नको."

पासंग म्हणजे तराजूची पारडी बरोबरीला आणायला टाकतात ते फालतू वजन. अप्पांचं घराणं आडतीचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि बोलण्यात कायम तूर, हरभरा, सोयाबीन. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी आडत्यांचे परवाने वाचवायच्या केसेस लढवल्या. मग एकदा त्यांच्या गल्लीतल्या समुपदेशक बाईंवर कुणीतरी दिल्लीला तक्रार केली. आमची दिल्लीच्या परिषदेत नोंदणी असते, ती रद्द झाली की दुकान बंद. पण मानसतज्ज्ञाची बाजू मांडायची म्हणजे काय, हे गावातल्या कुठल्याच वकिलाला ठाऊक नव्हतं. अप्पांनाही नव्हतं. ते म्हणाले, "परवाना म्हंजे परवाना. तूर इका न्हाईतर समजूत इका." आणि बाईंची नोंदणी वाचली.

तेव्हापासून अप्पांनी दुसरं काम घेतलंच नाही. उदगीरपासून नांदेडपर्यंत आमच्यातल्या कुणालाही नोटीस आली की जुनं कुणीतरी कानात एवढंच सांगतं, "लातूर." बाकी कुणी काही बोलत नाही. आमच्या धंद्यात तक्रार येणं हे गुप्तरोग झाल्यासारखं आहे. होतं सगळ्यांना, झालेलं कुणालाच नसतं.

आमचा व्यवसाय अप्पांनी आपल्या भाषेत बसवून घेतला आहे. पेशंट म्हणजे आवक. "सध्या आवक कशी हाय, ताई?" असं ते फोनवर विचारतात तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं, बाईंचा मोंढ्यात, धान्यबाजारात, गाळा असावा. निदानाला ते प्रतवारी म्हणतात. आमचे नीतिनियम मात्र त्यांना आमच्यापेक्षा चोख पाठ आहेत, आणि त्यातला 'दुहेरी नातं' हा त्यांचा विशेष लाडका. पेशंटशी दुसरं कुठलंही नातं ठेवायचं नाही, ना मैत्रीचं, ना व्यवहाराचं, ना सोयरिकीचं. अप्पा हा नियम प्रत्येकाला पुन्हा पुन्हा ऐकवतात, कारण मराठवाड्यात तो पाळणं म्हणजे पुरात उभं राहून कोरडं राहणं आहे.

मी नेमकी त्यातच भिजले होते.

झालं असं (आता सांगायला हरकत नाही, शेंगा संपल्या आहेत). एक तरुण मुलगा माझ्याकडं यायचा. त्याचं नाव सांगणार नाही, गाव भोकरच्या बाजूचं एवढंच सांगते. हे लिहायलाही त्याची आणि त्याच्या बायकोची परवानगी घेतली आहे. मधल्या काळात त्याला जगणं नकोसं झालं होतं. मग हळूहळू तो सावरला, नोकरीला लागला, लग्न ठरलं. त्याची आई पत्रिका घेऊन, अक्षता घेऊन दवाखान्यात आली. "मॅडम, तुमी न्हाई आल्या तर माझ्या लेकराच्या डोक्यावर अक्षता पडल्यासारखं मला वाटणार न्हाई." आता ह्या वाक्यावर कुठल्या पुस्तकात काय उत्तर दिलंय? मी ठरवलं, मागच्या रांगेत बसायचं, अक्षता टाकायच्या आणि निघायचं.

मागची रांग वगैरे कल्पना पुण्याकडच्या. आमच्याकडं लग्नात माइक असतो आणि माइक मामाच्या हातात असतो. मंगलाष्टकं व्हायच्या आधी गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मुख्याध्यापक, सगळ्यांचे सत्कार सुरू होते. तेवढ्यात मामांची नजर माझ्यावर पडली. "आन् आता, ज्यांनी आमच्या भाच्याला मरणाच्या दारातून माघारी आणलं, त्या नांदेडच्या मनाच्या डॉक्टर मॅडम यांनी कृपया स्टेजवर यावं!" टाळ्या. मला खुर्चीतून उठवायला दोन बायका आल्यासुद्धा. शाल अंगावर, नारळ हातात, फोटोग्राफर म्हणतोय, "मॅडम, हसा." मी हसले. नवऱ्या मुलाचा चेहरा पांढराफटक. आणि समोर पहिल्या रांगेत नवरीचे वडील, देगलूरचे धान्याचे व्यापारी, शेजाऱ्याला विचारत होते, "मनाच्या डॉक्टर? कामून?"

दोन महिन्यांत दिल्लीहून माझ्या नावानं नोटीस. देगलूरच्या सासऱ्यांची तक्रार होती की, ह्या बाईंनी मुलाचा आजार लपवला, संगनमतानं सोयरीक जमवली आणि त्याबद्दल जाहीर सत्कारही घेतला. सोबत पुरावा म्हणून फोटो. त्यातलं माझं हसू पाहिलं तर मलासुद्धा मी दोषी वाटले.

आता अडचण बघा. मी सुटेन असं एक वाक्य माझ्याकडं होतं. मुलानं लग्न ठरण्याआधीच त्या मुलीला स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं होतं. सांगायचं की नाही ह्यावर आम्ही किती दिवस बोललो होतो! पण ते मला समजलं होतं बंद दाराआड, आणि बंद दाराआडचं बाहेर काढायची मला मुभा नव्हती. बोलले तर नियम मोडते, गप्प बसले तर नोंदणी जाते. नोंदणी गेली तर नांदेडमध्ये जी माणसं माझ्या भरवशावर आठवडा काढतात, त्यांना मी काय सांगणार होते? झोप उडाली. लोकांना झोपेची तंत्रं शिकवणारी मी, पंख्याकडं बघत पडून राहायचे.

"अप्पा, माझ्याकडं एक गोष्ट आहे, ती सांगितली तर..." मी म्हणाले.

अप्पांनी परात पुढं सरकवली. "मला सांगू नका."

"तुम्ही माझे वकील आहात!"

"म्हणून तर. ताई, ते गुपित तुमचं हाय का?"

"नाही. त्याचं आहे."

"मंग कुलूप तुमच्याकडं अन् किल्ली त्याच्याकडं. कुलपानं किल्लीची फिकीर करायची न्हाई." आणि त्यांनी परिषदेच्या चौकशी समितीला एक अर्ज लिहिला. त्यात माझ्या बचावाचा एक शब्द नव्हता. एवढंच होतं की, हे प्रकरण ज्याच्या खाजगी आयुष्याबद्दल चाललंय, त्यालाच कुणी विचारलेलं नाही. आधी त्याला कळवावं आणि बोलायचं असेल तर बोलू द्यावं. समितीनं ते मानलं. तोवर मी त्या मुलाला फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही, अशी अप्पांची सक्त ताकीद. दिवाळीत त्याचा शुभेच्छांचा मेसेज आला तर अप्पा म्हणाले, "उत्तर देऊ नका." मी म्हटलं, नुसता दिव्याचा फोटो पाठवते. "दिवासुदीक न्हाई!"

सुनावणी ऑनलाइन होती. मी लातूरला अप्पांच्या ऑफिसात, समिती दिल्लीत, सासरे देगलूरला. जुन्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, बघणाऱ्याला कळायचं नाही. अप्पांनी ती रीत सुनावणीत आणली आहे. टेबलाखाली रुमाल, त्याखाली पक्षकाराचा हात. एक बोट दाबलं तर बोला, मूठ दाबली तर गप्प. पण बाईमाणसाचा हात धरणं अप्पांच्या रीतीत बसत नाही. म्हणून माझ्यासाठी सुधारित आवृत्ती निघाली, रुमालाचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. हळू ओढलं तर बोला, हिसका दिला तर गप्प.

समितीच्या अध्यक्षांनी हिंदीत विचारलं की, मॅडम, आप शादी में क्यों गईं? आणि माझ्या तोंडून गेल्या कित्येक वर्षांच्या सवयीनं निघालं, "आपको क्या लगता है?" रुमालाला असा हिसका बसला की माझं कोपर टेबलावर आपटलं. मी घाईघाईनं सांगितलं, आईनं बोलावलं म्हणून गेले, जायला नको होतं. हळू ओढ. म्हणजे बरोबर.

मग सासरे बोलायला लागले. आधी मराठीत, मग हिंदीत, आणि राग चढला तसे तेलुगूत गेले. समितीला काही कळेना. शेवटी ते मराठीवर परतले आणि एकदम आवाज उतरला. "माझी एकुलती एक लेक हाय साहेब. मला कुणीच काही सांगितलं न्हाई. सगळ्या मांडवाला ठावं, अन् बापाला न्हाई."

मला राहवलं नाही. मी पडद्याकडं झुकून म्हणाले, "त्या गर्दीत तुम्हाला फार एकटं वाटलं असेल."

रुमाल माझ्या हातातून निसटून गेला, इतका जोरात ओढला गेला होता. "पासंग!" अप्पा दातओठ खात पुटपुटले. माझ्यावर तक्रार करणाऱ्याचीच मी समजूत घालत होते. पण पडद्यावर सासऱ्यांचा राग ओसरला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात पडद्यावर आणखी एक चौकोन उघडला. तो मुलगा आणि शेजारी त्याची बायको. समितीचं पत्र मिळाल्यावर दोघांनी मिळून ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, "हे माझं आहे, मी सांगतो." आणि त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता, मान खाली न घालता. माझ्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसलेला मुलगा मला आठवला, ज्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं. नोंदणीचं काय होईल ते मी त्या क्षणी विसरलेच.

मग त्याची बायको बोलली. "बाबा, मला लग्नाआधीच ठावं होतं. विष्णुपुरीच्या धरणावर ह्यांनी मला सगळं सांगितलं. तुमाला बी सांगतो म्हणले होते. मीच नको म्हणले. तुमी सोयरीक मोडली असती. मला ह्यांच्याशीच करायचं होतं."

देगलूरच्या चौकोनातला चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. मग सासरे तेलुगूत काहीतरी म्हणाले. मुलगी हसली, डोळे पुसले. समितीला त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि त्यांनीही विचारला नाही. तक्रार निकाली निघाली. मला एक लेखी सूचना मिळाली, की यापुढं पेशंटच्या समारंभांना जाणं टाळावं. ती सूचना मी दवाखान्यात दर्शनी भागात लावली आहे. पत्रिका घेऊन येणाऱ्या आयांना आता ती वाचून दाखवते, आणि त्या होकारार्थी मान डोलावून म्हणतात, "हाव, पण आमच्यात या."

निकाल लागल्यावर मी अप्पांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले. "ते मधलं वाक्य बोलायचं नव्हतं," म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटले, "पण बरं झालं बोललात."

ह्या माणसानं माझ्यासाठी काय केलं, हे मला तेव्हा कुठं उमगलं. त्यांनी मला वाचवलं, पण माझ्या पेशंटचं गुपित खर्ची घालून नाही. मीही सलामत, तोही सलामत, आणि देगलूरचा बापही हरला नाही. अशी वकिली कुठं शिकवत असतील असं मला वाटत नाही. त्या दिवशी नांदेडच्या गाडीत बसल्यावर मी खूप रडले. आनंदानं रडले, अप्पांचे उपकार आठवून रडले.

हिवाळ्यात अप्पांचं येळवशीचं, म्हणजे वेळा अमावस्येचं, बोलावणं आलं. त्या अमावस्येला लातूरकर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात, गावात चहासुद्धा मिळत नाही. मी लगेच नियम काढला, "अप्पा, हे दुहेरी नातं होतं का?" ते म्हणाले, "मी तुमचा पेशंट न्हाई. जेवायला या."

शेतात कडब्याच्या कोपीपुढं, पूजेसाठी उभारलेल्या छोट्या खोपटापुढं, पंगत बसली होती. मी पाहते तर काय, सगळे आमच्यातलेच! नांदेडचे ते ज्येष्ठ सर, उदगीरच्या त्या बाई, परिषदांमध्ये नीतिनियमांवर व्याख्यानं देणारे ते गृहस्थ. सगळे अप्पांचे जुने पक्षकार. आणि कुणीच कुणाला ओळख देईना, कारण ओळख दिली की 'तुमच्यावर काय आलं होतं?' हा प्रश्न. दोन जिल्ह्यांतले बोलके मानसतज्ज्ञ मान खाली घालून आंबील पीत होते. अप्पा ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी वाढत मधून फिरत होते. "भज्जी घ्या. बोलू नका, जेवा." इतकं सुखी मी त्यांना ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

जेवणं झाली, लोक पांगले. बांधावर मी आणि अप्पा उरलो. समोर हरभऱ्याचं रान होतं.

"ताई, एक इचारायचं होतं," ते म्हणाले. "माझ्या एका ओळखीच्या माणसाचं."

ओळखीचा माणूस! आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांची सुरुवात अशीच होते.

"त्याची बायको गेली. मागच्या साली. पहिल्यापासून त्याची एक सवय होती. संध्याकाळी घरी आला की दिवसभराचं तिला सांगायचा. नावं गाळून हं, पक्षकाराचं गुपित न्हाई फोडलं कधी. ती भाकरी थापता थापता हाव, हाव म्हणायची. आता तो घरी येतोय अन् सांगायला कुणी न्हाई. रेडिओ लावून बघितला. रेडिओ हाव म्हणत न्हाई." ते हसले. "त्याला झोप लागत न्हाई. वाटतंय, आपुन बी गेलो तर बरं."

मी त्यांच्याकडं पूर्ण वळले. "अप्पा, हे कधीपासून..."

त्यांचा हात वर गेला. ऑफिसात जातो तसाच. "इचारू नका. तुमी माझ्या पक्षकार. तुमी मला बसवून घेतलं अन् उद्या कुणी बोट दाखवलं तर? तुमचा परवाना मी एकदा वाचवलाय, आता मीच घालवू?"

"मग दुसऱ्या कुणाकडं..."

त्यांनी पंगत उठलेल्या जागेकडं बोट केलं. "कुणाकडं? सगळ्यांचं वकीलपत्र माझ्याकडं."

ह्या माणसानं आम्हा सगळ्यांचे दवाखाने उघडे ठेवले होते, आणि त्यातल्या एकाचंही दार त्यांच्यासाठी उघडं नव्हतं. पण काहीतरी करायलाच हवं होतं. मी उपचार करू शकत नव्हते. माणूस शोधून देण्याला कुठल्या नियमाची मनाई नव्हती. तिथंच बांधावर बसून मी फोन लावायला सुरुवात केली. "ते आज घरी एकटे राहणार नाहीत," असं मी त्यांच्या पुतण्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, आणि अप्पांनी पहिल्यांदाच माझं बोलणं अडवलं नाही. दोन दिवसांत एक मुलगी सापडली. नुकतीच शिकून आलेली, निलंग्याला बसते, अजून एकही तक्रार नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "तुझ्याकडं एक आजोबा येतील. घाई करू नकोस. मधून मधून हाव म्हण."

अप्पा जातात. दर आठवड्याला जातात, बसनं जातात. झोप लागते म्हणाले. हे सगळं लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "लिहा. किल्ली माझी हाय, मी देतो."

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज जरा काळजीचा.

"ताई, त्या निलंग्याच्या पोरीला जरा समजावून सांगा. पेशंटच्या लग्नाला जाऊ नको म्हणावं. शाल-नारळ घेऊ नको. फोटो तर न्हाईच न्हाई."

"का हो अप्पा? काही झालं का?"

"झालं न्हाई. पण नवीन हाय, भोळी हाय, जाईल कुणी बोलावलं की. अन् तिच्यावर तक्रार आली तर मला तिचा वकील व्हावं लागंल." मग त्यांनी हळूच विचारलं. "मंग मी कुठं बसू, ताई?"

मी म्हटलं, "अप्पा, तिच्यावर तक्रार आली तर आम्ही सगळे मिळून तिच्यासाठी दुसरा वकील शोधू. तुम्ही तिथंच बसा."

"हाव," अप्पा म्हणाले.